पिल्लू चावतं म्हणून त्याचं तोंड आवळू नका

‘कुत्र्याचं पिल्लू चावतंय? सात दिवसांत वळण लावा’ हा मेसेज आमच्याकडे वाडीवाडीच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पिल्लू चावतं कारण त्याला घरात मालक व्हायचं असतं, चावलं की तोंड घट्ट आवळून धरा, नाकावर टिचकी मारा, तरी ऐकलं नाही तर उताणं पाडून दाबून ठेवा, जेवणात मिरची घाला म्हणजे राखणीला तिखट होईल, खूप पळवून दमवा, दिवसा साखळीला बांधा, आणि दुधाच्या दातांत विष नसतं, त्यामुळे ओरखड्याला हळद-चुना पुरे.

पहिल्यांदा पिल्लू आणलेल्या माणसाचे हात ओरबाडलेले असतात, घरातली मंडळी ‘कशाला आणलंस’ म्हणून मागे लागलेली असतात, आणि नेमका तेव्हाच हा मेसेज हाती पडतो. मीही पहिल्यांदाच पिल्लू वाढवते आहे, त्यामुळे हा वैताग मला कळतो. पण यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही, आणि शेवटचा तर माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. म्हणून आधी तोच घेते.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. दात दुधाचा की कायमचा, याने काही फरक पडत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. आपल्याकडची बरीचशी पिल्लं बाजारातून किंवा एसटी स्टँडच्या मागून उचलून आणलेली असतात. त्यांच्या आईला लस दिलेली होती का, हे कुणालाच ठाऊक नसतं. घरामागच्या आगरात मुंगूस फिरतं, रात्री कोल्हे येतात, आणि त्यांच्याकडूनही हा रोग कुत्र्यांना होतो. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण ३ महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे ज्या वयात ते सगळ्यात जास्त दात लावतं, त्यातला बराच काळ ते लसीविना असतं.

दात लागून कातडी फाटली तर हळद नको, चुना नको, तेल नको, मिरचीपूड तर नकोच. नहाणीतल्या नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा लांब असतात, घड्याळ लावा. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लस त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. स्नायूत देतात तेव्हा १४ वा दिवसही धरतात. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि भोवती रेबीजविरोधी सीरम द्यावं लागतं, ते आहे का हे तिथे स्पष्ट विचारा. घरचंच पिल्लू आहे, लस झालेली आहे, असं असलं तरी काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ऐकावी: ज्या घरात चावलं की पिल्लाला मार बसतो, त्या घरातलं पोर आपला ओरखडा लपवतं. पिल्लावर त्याचा जीव असतो, पिल्लाला मार बसलेला त्याला बघवत नाही. एवढ्यासाठी तरी मारणं बंद करा.

आता ‘मालक व्हायचं असतं’ हा मुद्दा. याचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. पिंजऱ्यात कोंडलेले ते लांडगे वरचढपणासाठी भांडत, त्यावरून कळपात एक म्होरक्या बाकीच्यांना दाबून ठेवतो हे चित्र रूढ झालं. पुढे अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच (Mech) यांनीही ते उचललं. पण कॅनडाच्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये त्याच डेव्हिड मीच यांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब. म्हणजे ज्याच्या जोरावर पिल्लाला उताणं पाडायला सांगतात ते लांडग्यांनाही धड लागू नाही, मग आपल्या पडवीतल्या आठ आठवड्यांच्या जिवाला कुठून लागणार?

पिल्लू चावतं कारण तोंड हाच त्याचा हात आहे. भावंडांत लोळताना ते जोरात चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ मोडतं, आणि किती जोर लावायचा हे त्याला तिथे कळत जातं. ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाचं हे शिक्षण अर्धवट राहतं, ते मग आपल्याला पुरं करावं लागतं. त्यात दात येण्याचा त्रास. दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे येतात, आणि तोवर हिरड्या शिवशिवत असतात.

मग तोंड आवळल्याने काय होतं? काही पिल्लं त्यालाच खेळ समजतात आणि दुप्पट जोराने येतात. काही घाबरतात, आणि माणसाचा हात तोंडाकडे आला की दात दाखवायला शिकतात. हाच हात पुढे त्याच्या कानातला गोचीड काढणार आहे, घशात अडकलेला बांगड्याचा काटा बघणार आहे, पशुवैद्यकाच्या टेबलावर त्याला धरणार आहे. त्या हाताची भीती घालून आपलंच नुकसान होतं. गुरगुरल्यावर मारलं तर ते गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. पुढे इशारा न देता चावतं.

करायचं ते साधं आहे, पण घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायला हवं. दात लागला की हात हिसडायचा नाही, हलणारी वस्तू त्याला आणखी चेव आणते. हात सैल सोडा, खेळ थांबवा, चावायला दुसरं काही पुढे करा. तरी अंगावर येत असेल तर न बोलता उठून अर्ध्या दाराच्या पलीकडे जा, थोड्या वेळाने परत या. ‘आई गं’ असं किंचाळा, हा सल्लाही बरेच जण देतात. काही पिल्लं त्याने थांबतात, काही आणखी चेकाळतात. आपलं कुठलं आहे ते बघून ठरवा. चावायला सुती फडक्याची गाठ ओली करून फ्रीजमध्ये गार केलेली द्या, धागे सुटू लागले की काढून घ्या. नारळाचं सोडण देऊ नका, काथ्या गिळला तर आतड्यात अडकतो. शिजवलेली हाडंही नकोत.

मिरचीबद्दल फार लिहायची गरज नाही. तोंड भाजतं, पोट बिघडतं, उलट्या-जुलाब होतात. राखण मिरचीने येत नाही.

‘पळवून दमवा’ हा सल्ला मात्र चांगल्या चांगल्या माणसांना पटतो, आणि तिथेच घोळ होतो. दिवेलागणीला आमच्या खळ्यात काय होतं ते सांगते. दिवसभर आल्यागेल्याने खेळवलेलं पिल्लू एकदम कान मागे पाडतं, बूड खाली घालतं आणि सुसाट सुटतं. तुळशीला वळसा, पडवीच्या पायऱ्या, पुन्हा खळं. मध्येच सासूबाईंच्या निऱ्यांना लोंबकळतं आणि सोडवायला गेलेल्या हाताला कडाडून चावतं. बघणारा म्हणतो, अंगात मस्ती आहे, किनाऱ्यावर ने. खरं तर त्याला झोप हवी असते. एवढं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं. जत्रेत रात्रभर जागलेलं पोर जसं सकाळी कशावरूनही भोकाड पसरतं, तसं ते झोप न मिळाल्याने चावतं. अशा वेळी आम्ही त्याला माजघराच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवतो, पाण्याचं भांडं ठेवतो, दिवा मालवतो, दार लोटून घेतो. जरा कुंईकुंई करतं, पोतं उकरतं, दोनदा गोल फिरतं आणि आडवं होतं.

दमवण्यासाठी स्कूटरमागे पळवणं तर सरळ इजा करणं आहे. वाढत्या हाडांचे सांधे कच्चे असतात, आणि मे महिन्यात कातळ तापलेला असताना पंजे भाजतात. शिवाय पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणाऱ्या पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून लसींचे सगळे डोस पुरे होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्याला खाली सोडू नका. घरात कोंडूही नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसेल, ऐकू येईल, ते त्याला आपलं वाटतं. कडेवर घेऊन जेटीवरची बोटीची इंजिनं, एसटी, ढोल, छत्री, इरलं सगळं लांबून दाखवा. भात लावणीच्या दिवसांत उंदरांच्या मुतामुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) भीती असते, ती लस पशुवैद्यकाकडे मुद्दाम मागा.

दिवसभर साखळीला? आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आणि बांधलेलं पिल्लू सुटलं की साठलेलं सगळं पहिल्या दिसणाऱ्या पायावर काढतं.

राहिले सात दिवस. दात बदलायलाच महिने लागतात, त्यामुळे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत चावणं हळूहळू कमी होत जाईल, मध्ये एखादा आठवडा उलट वाढेलही. मात्र खेळताना नव्हे तर ताटलीजवळ गेल्यावर अंग ताठ करून, टक लावून, न गुरगुरता चावत असेल, किंवा हात लावला की दुखल्यासारखं चावत असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्या.

गौरी-गणपतीला मुंबईची मंडळी येतील, खळ्यात पोरं धावतील. पोरांना पहिल्याच दिवशी शिकवून ठेवा: पिल्लू पायाला लागलं की पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर वर. आरतीच्या झांजा सुरू व्हायच्या आधी पिल्लू माजघरात, दार लावलेलं. आणि पाहुण्यांपैकी कुणी ‘दे एक नाकावर’ म्हणालं तर पिल्लू त्यांच्या हातून काढून घ्या.