खुलासा: मल्चिंग पेपरच्या राखेत पोटॅश नसतं

गोराई-मनोरीकडच्या भाजीवाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "जुना मल्चिंग पेपर वाडीतच जाळा, राखेतून पोटॅश मिळतं." हे खोटं आहे. लाकडाच्या राखेत पोटॅश (पिकाला लागणारं पोटॅशियमचं खत) असतं, कारण झाडाने ते मातीतून शोषलेलं असतं. मल्चिंग पेपर म्हणजे वाफ्यावर अंथरायचं पॉलिथिन, मुळात नुसता कार्बन आणि हायड्रोजन. पोटॅश येणार कुठून? मिळतो तो विषारी धूर. सोबत पीव्हीसी पाइप जळला तर डायॉक्सिन हे अतिविषारी रसायनसुद्धा. शिवाय उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवलाय.

जाळण्याऐवजी पेपर झटकून, सुकवून गुंडाळा. ड्रिपच्या (ठिबक सिंचनाच्या) नळ्या वेगळ्या बांधा. चिखलाने माखलेला माल भंगारवाला सहसा घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. कीटकनाशकाच्या बाटल्या तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा.