झाकण उघडू नये

माळा आवरताना वॉफलचं यंत्र सापडलं. कधीतरी भेट म्हणून आलेलं. कुणी दिलं होतं ते आमच्यापैकी कुणालाच आठवेना; देणाऱ्यालाही बहुधा आठवत नसावं. "एक तर आज वापर, नाहीतर आजच कुणाला तरी देऊन टाक," बायको खालून म्हणाली. मी ज्या स्टुलावर उभा होतो ते तिनेच धरलं होतं, त्यामुळे वाद घालायची ती वेळ नव्हती.

पाककृतीच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘एकदम सोपे, फक्त पंधरा मिनिटांत’. साहित्यही गरीब स्वभावाचं दिसत होतं : दोन कप मैदा, तीन चमचे बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, दोन अंडी, पावणेदोन कप दूध, अर्धा कप वितळवलेलं लोणी. इथवर कुणालाही आपण सुगरण असल्यासारखं वाटतं. पुढच्याच ओळीत घात होता : ‘अंड्यांतलं पांढरं आणि पिवळं वेगळं करून घ्या.’

पहिलं अंडं झकास वेगळं झालं. मी मागे वळून पाहिलं, पण बघायला कुणी नव्हतं. दुसऱ्याचा बलक फुटला आणि त्याचा मोहरीएवढा थेंब पांढऱ्यात पडला. पिवळ्यात स्निग्धांश असतो, तो जरासा जरी गेला तरी पांढऱ्याचा फेस नीट चढत नाही. म्हणून मी चमचा घेऊन त्या थेंबाच्या मागे लागलो. तो भांडंभर फिरला. मी डावीकडून गेलो की तो उजवीकडे. शेवटी ते भांडं बाजूला ठेवून नवी दोन अंडी घेतली. पंधरापैकी बारा मिनिटं इथेच संपली.

मग फेटणं. विजेच्या फेटणीचं एक पातं हरवलेलं आहे, ते बहुतेक पुढच्या वेळी माळा आवरताना सापडेल. तेव्हा हाताने. आधी साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे आले, मग पांढरट फेस, आणि मग बराच वेळ काहीच नाही. हात बदलला. परत बदलला. तिसरा हात असता तर तोही वापरला असता. अखेर फेटणी वर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहिलं आणि नवख्या वक्त्यासारखं जरासं वाकलं. हेच हवं होतं! "बाबा, भांडं डोक्यावर उलटं करून बघ ना, पडलं नाही तर बरोबर झालं," मुलगी म्हणाली. केलं. पडलं नाही. तिने फोटो काढला. यंत्र तापेपर्यंत हे वैभव बसू नये म्हणून भांडं मोठ्या मानाने फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं.

बाकीचं मिश्रण तसं लवकर झालं. फ्रिजमधलं गार दूध ओतल्याबरोबर वितळलेल्या लोण्याचे पुन्हा दाणे झाले, तेवढं सोडलं तर. दूध आधी कोमट करायचं असतं, हे पाककृतीत चौथ्या टिपेत होतं. चौथी टीप कोण वाचतं? शिवाय ‘गुठळ्या राहिल्या तरी चालतील, जास्त ढवळू नका, मैद्यातलं ग्लूटेन वाढून वॉफल चिवट होतील’ अशी तंबी होती. आत्ताच जिवाच्या आकांताने फेटून आलेल्या माणसाला ‘आता हात आवर’ म्हणणं म्हणजे जरा जास्तच.

यंत्राचा दिवा लागला. एक डाव मिश्रण घातलं. कमी वाटलं, म्हणून आणखी एक. झाकण लावताच चहूबाजूंनी ओघळ निघाले आणि वाफेचा लोट उठला. वाफ थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा यातला एकमेव नियम. मी दीड मिनिट पाळला. मग ‘जरासंच’ उचललं, आणि वॉफल मधोमध चिरला : अर्धा वर, अर्धा खाली. भाऊबंदकीतही इतकी सारखी वाटणी होत नाही.

एका बाजूला 36 खळगे. टूथपिकने कोरताना मोजले. कोरत असताना मुलीने फोनवरून धीर दिला : नायकीचे एक संस्थापक बिल बॉवरमन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बुटाचा तळ बनवायला घरच्या वॉफलच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतलं होतं, आणि पहिल्याच प्रयत्नात तो साचा कायमचा चिकटून बसला. "त्यांची कंपनी झाली," मी म्हणालो. "तुझं काय होतंय ते बघू," बायको म्हणाली.

दुसराही तसाच गेला. 24 ऑगस्ट 1869 रोजी ट्रॉय, न्यूयॉर्कच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना चुलीवरच्या वॉफलच्या साच्याचं पेटंट मिळालं. साचा चुलीवरच उलटता येईल अशी सोय त्यांनी केली होती. झाकण उघडून बघणाऱ्या माणसाचा बंदोबस्त मात्र त्यांनाही सुचला नाही. तो बायकोला सुचला. ती यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली, आणि मी हात पुढे केला की नुसती बघायची.

वाफ विरत गेली. चरचर थांबली. झाकण उचललं तर ते अलगद सुटून आलं. खळग्यांच्या कडा गडद बदामी, तळ जरा फिकट, आणि मध ओतला की एक खळगा भरून मग दुसऱ्यात उतरत होता. पुढचे वॉफल मी कौतुकाने एकावर एक रचले, तर आपल्याच वाफेने खालचे मऊ पडले. ते जाळीवर सुटे ठेवायचे असतात (टीप क्रमांक सहा). पण चव! मुलीने तिसरा घेतला. "किती हलके झालेत रे," बायको चक्क म्हणाली.

मग मी राहतोय! पांढरं वेगळं का फेटायचं, त्यात हवा कशी कोंडली जाते, तापल्यावर ती कशी फुगते आणि यंत्राने फेटण्यापेक्षा हाताने फेटलेल्याची सर कशी वेगळीच असते, हे मी दोघींना सविस्तर सांगितलं. डोक्यावर भांडं धरलेला फोटो नातेवाइकांकडे रवाना झाला.

रात्री पाणी प्यायला फ्रिज उघडला. दुधाच्या मागे ते भांडं होतं. फेस निम्म्यावर बसला होता आणि तळाशी बोटभर पाणी सुटलं होतं.

"काय शोधतोयस?" आतून आवाज आला.

"काही नाही, पाणी," मी म्हणालो.