नवा डिझेल फिल्टर भरून बसवायचा नसतो

उसाची वाहतूक सुरू झाली की एक मेसेज ट्रॅक्टरवाल्यांच्या मोबाइलवर फिरायला लागतो. 'डिझेल फिल्टर बदलायला मेकॅनिकला पैसे कशाला देता?' अशी त्याची सुरुवात, आणि खाली चार सल्ले. नवा फिल्टर बसवण्याआधी डिझेलने काठोकाठ भरा, मग हवा काढावी लागत नाही. तरी सुरू झालं नाही तर सेल्फ मारत राहा, हवा आपोआप निघते. अगदीच अडलं तर नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, पाइपांचे नट ढिले करा, ही रीत सगळ्या इंजिनांना चालते. आणि कागदी फिल्टर फेकू नका, पेट्रोलने धुऊन, हवा मारून आणखी दोनदा वापरा.

ट्रॅक्टर दुरुस्ती हेच माझं काम. तरी मालकाने फिल्टर स्वतः बदलावा याच मताचा मी आहे. रात्री दोन वाजता कारखान्याच्या रांगेत इंजिनाने हवा धरली, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकून ते बंद पडलं, तर कुठला मेकॅनिक येणार? ज्याला हवा काढता येते त्याची खेप चुकत नाही. म्हणूनच हा मेसेज मला सोडून देता येत नाही. शिकायची इच्छा असलेल्या माणसाला तो चुकीचं शिकवतो, आणि त्याची किंमत फिल्टरच्या नाही, पंप आणि नोझलच्या बिलात मोजावी लागते.

पहिला सल्ला सर्वात शहाणपणाचा वाटतो, म्हणून सर्वात जास्त पसरतो. फिल्टर रिकामा बसवला तर आत हवा राहणार, भरून बसवला तर राहणार नाही. हिशेब सरळ दिसतो, पण फिल्टरला दोन बाजू असतात हे त्यात विसरलेलं असतं. आट्यांवर फिरवून बसवायचा डबा फिल्टर हातात घ्या आणि तोंडाकडून बघा. कडेने बारीक भोकं आहेत, मधोमध एक मोठं भोक. कडेच्या भोकांतून टाकीचं डिझेल आत येतं, कागदातून गाळून मधल्या भोकाने बाहेर पडतं आणि तिथून थेट पंपाकडे जातं. डिझेल ओतताना माणूस कुठे ओततो? मोठ्या भोकात, कारण तिथेच नीट ओतता येतं. म्हणजे कॅनमधलं डिझेल, जे कुठल्याच कागदातून गेलेलं नाही, ते तुम्ही स्वतःच्या हाताने गाळलेल्या बाजूला टाकलं. इंजिन फिरलं की ते पहिल्याच घोटाला पंपात.

त्या कॅनमध्ये काय असतं ते मला विचारा. तळाला मातीचा थर असतो, झाकणाचा गंज असतो, कधी फवारणीच्या औषधाचा अंश असतो, आणि पावसाळ्यानंतर हमखास पाणी असतं. डोळ्यांना डिझेल स्वच्छ दिसतं, पण डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण दिसतच नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. पंपातला प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल यांच्यात फट असते २ ते ४ मायक्रॉनची. तुम्हाला न दिसणारा कण त्या फटीत दगडासारखा अडकतो, दोन्ही भागांवर चरे पाडतो, आणि पुढे गेला तर नोझलच्या सुईखाली बसतो. सुई पूर्ण मिटत नाही, नोझल थेंब गाळायला लागते, धूर वाढतो, डिझेल जास्त जळतं. मग सगळे म्हणतात, फिल्टर तर नुकताच बदलला होता!

थोडं खरंही सांगतो. पहिल्या, म्हणजे टाकीकडच्या जाड फिल्टरात किंवा पाणी साठणाऱ्या कपात स्वच्छ डिझेल भरून बसवलं तर मोठं नुकसान नाही, कारण पुढे दुसरा फिल्टर उभा असतो. डबा फिल्टरमध्येही मधलं भोक बुचाने घट्ट बंद करून कडेच्या भोकांतून सावकाश ओतलं, तर ते डिझेल कागदातून गाळूनच पुढे जातं. पण मेसेजात यातलं एक अक्षर नाही. शेवटचा, पंपाच्या आधीचा फिल्टर कोरडाच बसवावा आणि प्रायमरने, म्हणजे फिल्टरकडे डिझेल ढकलणाऱ्या छोट्या पंपाने, भरावा. बऱ्याच इंजिनांच्या पुस्तकात हे स्पष्ट छापलेलं असतं.

सेल्फ मारत राहण्याचा सल्ला तितकाच वाईट. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकला. हवा आत दबते, दांडा सोडला की पुन्हा फुगते, बाहेर काहीच जात नाही. पंपाच्या प्लंजरखाली हवा आली की तेच होतं. जुन्या पद्धतीच्या नोझलची सुई उघडायला साधारण २०० बार दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब तयार होतो, हवा दबते म्हणून होत नाही. तुम्ही दहा मिनिटं सेल्फ मारला तरी बुडबुडा तिथेच पुढे-मागे होत राहतो. तोवर बॅटरी उतरते, सेल्फची वाइंडिंग तापून जळायला येते, आणि पंपाचे जे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात ते कोरडे घासतात. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून जास्त मारू नये, आणि दोन वेळांमध्ये निदान मिनिटभर थांबावं. तिसऱ्या खेपेला सुरू झालं नाही तर हवा अजून आत आहे असं समजून पाना हातात घ्यावा.

आता तिसरा सल्ला, आणि इथे मला पंपाची नाही, माणसाची काळजी आहे. नोझलच्या पाइपाचे नट ढिले करून हवा काढणं ही जुन्या इंजिनांची खरी रीत आहे, मीही रोज करतो. पण १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना नवे प्रदूषण नियम लागू झाले, आणि ते पाळण्यासाठी त्यांतल्या अनेक इंजिनांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच सामायिक नळी, आली. टेम्पो, जीप, कार यांत ती त्याआधीच होती. या रेलमध्ये इंजिन चालू असताना १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. कारच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. चालू इंजिनावर तो नट सैल केला, तर केसाएवढी डिझेलची धार हातमोज्यातून आणि कातडीतून थेट मांसात शिरते.

ही जखम फसवी असते. सुई टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस बोट पुसतो आणि कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

कॉमन रेलच्या इंजिनाची हवा काढायची रीत वेगळी आहे. टाकीकडे विजेचा पंप असेल तर चावी 'ऑन'वर ठेवून २०-३० सेकंद थांबायचं, बंद करायचं, असं तीन-चारदा. हाताचा प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबायचा. दाबाच्या बाजूचा एकही नट हलवायचा नाही.

कागद धुण्याबद्दल फार लिहायला नको. जी घाण काढायची ती कागदाच्या धाग्यांत आत रुतलेली असते. हवा मारली की धागे फाटतात, न दिसणारी भोकं पडतात, आणि धुताना बाहेरची घाण आतल्या बाजूला उतरते. जुन्या जोडफिल्टरातला कापडी इलेमेंट लोक धुतात, ते एक वेळ समजू शकतो. कागदी धुतलेला फिल्टर मात्र नसलेल्या फिल्टरासारखाच.

जुन्या, हातप्रायमरच्या ट्रॅक्टरला योग्य रीत अशी. काम सुरू करण्याआधी फिल्टरच्या डोक्यावरची माती ब्रशने आणि डिझेलने धुऊन काढा, नाहीतर कप सुटताच ती आत पडते. टाकीचा कॉक बंद करा. जुनी रबरी रिंग डोक्याला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा ओढणारच. नव्या रिंगला डिझेलचा हात लावा. डबा फिल्टर रिंग टेकल्यावर हाताने आणखी अर्धा ते पाऊण फेरा आवळा, पट्टीच्या पान्याने नाही. तांब्याची वायसर शक्यतो नवी घाला, जुनी दबून कडक झालेली असते.

मग कॉक उघडा, पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि प्रायमर मारा. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसंच दुसऱ्या फिल्टरवर, तसंच पंपाच्या स्क्रूवर. प्रायमर मऊ लागून दाबच घेत नसेल तर फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, दांडा त्याला ढकलणाऱ्या कॅमच्या उंच भागावर थांबलेला असू शकतो. इंजिन जरा फिरवून पुन्हा मारा. शेवटी गरज पडली तरच गिअर न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, बंद करायची नॉब पूर्ण आत ढकलून, दोन नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करायचे, थोडा सेल्फ मारायचा आणि डिझेल उसळताच आवळायचे. प्रायमरची मूठ पुन्हा खाली आवळून बसवायला विसरू नका.

एवढं करूनही सकाळी पुन्हा हवा धरली तर नव्या फिल्टरला डुप्लिकेट म्हणण्याआधी टाकी ते फीड पंप हा पाइप बघा. इंजिन चालू असताना या भागात दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथल्या चिरेतून बहुधा डिझेल ठिबकत नाही, बाहेरून हवा आत जाते, आणि जमिनीवर एकही थेंब दिसत नाही. चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, दबलेली वायसर यांपैकी काहीतरी सापडेल. तो तुकडा बदला, आणि रात्री उभा केलेला ट्रॅक्टर सकाळी प्रायमर न मारता पहिल्या सेल्फला सुरू होतो का ते दोन दिवस बघा.