सल्ला ऐकायचाच नाही तर ॲडव्हायजरी कमिटी कशाला बसवता?

आज परत ती कम्युनिटी ॲडव्हायजरी कमिटीची मीटिंग झाली आणि डोकं अजून ठणकतंय. मी अमेरिकेत एका कॉलेजात क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीला शिकवते, कुठलं कॉलेज ते विचारू नका, नोकरी टिकवायचीय. या कमिटीचं काम खरं तर किती साधं आहे. बाहेर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी येऊन सांगायचं की बाबांनो तुमच्या सिलॅबसमधलं काय जुनं झालंय, तुमची पोरं आमच्याकडे आली की कुठे अडखळतात, आणि डिपार्टमेंटने पुढच्या वेळी सांगायचं की यातलं हे केलं, हे नाही केलं आणि का नाही केलं. एवढंच!

होतं काय? स्लाइड्स, ॲडमिशनचे आकडे, नव्या लॅबचे फोटो, सगळ्यांनी माना डोलवायच्या, जेवायचं, मिनिट्स मंजूर, सह्या. ॲक्रेडिटेशनवाले, म्हणजे कॉलेजची मान्यता तपासणारे, आले की ती फाइल पुढे, बघा आमची कमिटी. नुसतं मम म्हणायला बोलावलेले लोक.

एक पोलिस चीफ दरवेळी जीव तोडून सांगतात की नवीन मुलांना रिपोर्ट लिहिता येत नाही, स्वतः काय पाहिलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं हे वेगळं मांडता येत नाही, आणि उद्या कोर्टात डिफेन्सचा वकील त्याच रिपोर्टवरून चिंध्या करतो. उत्तर ठरलेलं, "ग्रेट फीडबॅक!" मिनिट्समध्ये मागच्या वेळचंच वाक्य कॉपी पेस्ट. रायटिंगचा कोर्स अजून ऑप्शनलच.

आणि बॅकग्राउंड चेकचं तर बोलूच नका. पोलिसात घेताना जुन्या केसेस, ड्रग्ज, थकलेली कर्जं सगळं उकरून काढतात. 1996 पासून फेडरल कायदा आहे की घरगुती हिंसाचाराच्या साध्या मिसडिमीनरमध्ये, म्हणजे किरकोळ गुन्ह्यात, जरी दोषी ठरलात तरी बंदूक बाळगता येत नाही, आणि त्यात पोलिसांनाही सूट नाही, म्हणजे पोलिसात जायचा विषयच संपला. हे पोराला पहिल्या सेमिस्टरला सांगायला नको? प्रोबेशनवाल्या (जेलऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्यातल्या) बाईंनी एक पानाचं हँडआउट स्वतः लिहून आणून दिलं हो, आयतं! तेही वाटलं नाही, का तर "ॲडमिशनवर परिणाम होईल". म्हणजे फी भरून घ्या आणि शेवटच्या वर्षी त्याचं त्याला कळू दे. संताप होतो नुसता.

बरं, नावात कम्युनिटी आहे ना, मग ती कुठाय? टेबलाभोवती पोलिस, शेरीफ, जेल, प्रोबेशन. सगळे नोकरी देणारे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही गंभीर गुन्ह्याच्या केसमध्ये सरकारने वकील द्यायचा हे सुप्रीम कोर्टाने गिडियन केसमध्ये 1963 ला सांगितलं, आणि आमच्या कमिटीत अजून एकही पब्लिक डिफेंडर, म्हणजे असा सरकारी खर्चाने मिळणारा वकील, नाही. पीडितांसोबत काम करणारं कोणी नाही, जेल भोगून आलेला माणूस तर लांबच, अहो स्टुडंटसुद्धा नाही! मी विषय काढला तर म्हणे मीटिंग पोलिटिकल होईल. आमच्या प्रोग्रामला पर्किन्स कायद्याचे, म्हणजे व्यवसाय शिक्षणासाठीच्या कायद्याचे, फेडरल पैसे येतात, आणि त्या कायद्यातच लिहिलंय की गरजांचा आढावा निदान दर दोन वर्षांनी घ्या आणि त्यात इंडस्ट्रीबरोबर विद्यार्थी, पालक, शाळा सुटलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था यांनाही विचारा. पैसे घेताना कायदा आठवतो, माणसं बोलावताना नाही.

हे दुखणं काही आजचं नाही म्हणा. 1968 च्या कायद्यानंतर पोलिसांच्या शिक्षणासाठी फेडरल पैसा आला आणि असे प्रोग्राम भराभर निघाले, आणि दहाच वर्षांत, 1978 ला, एका राष्ट्रीय आयोगाने फटकारलं की यातलं बरंचसं म्हणजे पोलिस ट्रेनिंगच आहे, फक्त कॉलेजच्या वर्गात बसून दिलेलं. आमच्याकडे ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

आज सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला सांगू? नवीन ब्रोशरवर तराजूचा फोटो टाकायचा का बेड्यांचा. मतदान घेतलं चक्क. बेड्या जिंकल्या.