भाव वाढलाच तर घाबरू नका, उपाय आहेत

कास्तकार भाऊ, तुरीला दोन पैसे जास्त मिळायला लागले की पेढे वाटू नका. तुमच्या खिशात जातो तो पैसा नसतो, महागाई असते; आणि ती आटोक्यात आणायला दिल्लीत माणसं रात्रंदिवस जागी आहेत.

२०१५ आठवा. तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तशी 'तूर पेरा'ची हाक आली. आपण शहाण्यासारखी धुऱ्यापर्यंत पेरली, पाऊसही पावला. इकडे तूर फुलोऱ्यात यायच्या आत, २०१६ मध्येच, मोझांबिकशी डाळ आयातीचा करार उरकला होता. २०१७ ला माल निघाला तेव्हा हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये आणि हर्रासात बोली त्याच्या बरीच खाली. सरकारी खरेदी केंद्रावर जावं तर बारदाना संपलेला. तूर होती, गिऱ्हाईक होतं, फक्त पोती नव्हती.

धानवाल्यांनी हसू नये. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली तेव्हा गोंदिया-भंडाऱ्यात बांधीत रोवणी चालली होती. इतक्या आधी सूचना कोण देतं?

सोयाबीन नेताना मात्र घरीच नीट वाळवा. अट १२ टक्के ओलाव्याची. मागे माझ्या मालातली मूठभर ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकली, काटा पुढे सरकला; अडत्याने दोन दाणे दाताखाली फोडले, मान हलवली, दोनशे रुपये कमी बोलला. मशीन आणि दात यांचं इतकं एकमत मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि कृषी विकासदर घसरेल ही काळजी तर सोडूनच द्या. तो स्थिर किमतींवर, म्हणजे एका ठरलेल्या जुन्या वर्षाच्या भावाने काढतात. तेव्हा भाव निम्म्यावर आला तरी क्विंटल वाढले की शेतीची प्रगती झाली. रडायचंच असेल तर विकल्या मालाचा चुकारा हातात आल्यावर, घरी रडा. आकडेवारी ओली करू नका.

ज्वारी पेरावी म्हणता? पेरा की. पाखरं वाट पाहून आहेत, राखणीला माणूस तेवढा शोधा.

नाही तर तूरच घ्या. आपली तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते आणि बिनशुल्क आयातीची मुदत मागे वाढवली ती नेमकी ३१ मार्च २०२६ पर्यंत. भाव येईपर्यंत कोठीत ठेवू म्हणत असाल तर जरूर ठेवा. पीककर्जाचा भरणाही मार्चअखेरच मागतात, तेव्हा बँकेतल्या साहेबांना एकदा कोठी दाखवून आणा.