कासवं वाचवायला कोस्टा रिकाला निघालात? हे वाचून जा

निसर्गासाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं की पहिलं काम म्हणजे विमानाचं तिकीट काढणं. मुंबईहून थेट फ्लाइट नाही हे बरंच आहे, विमानं बदलत बदलत अर्धी पृथ्वी पालथी घाला, तेवढाच धूर जास्त. पुढे टोर्तुगेरोला, म्हणजे कासवं जिथे येतात त्या किनाऱ्यावरच्या गावाला, रस्ताच जात नाही, म्हणून होडी. आणि स्वयंसेवक म्हणजे फुकट राबणारा असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका, राबायचं तर आहेच, वर राहण्या-जेवणाचे डॉलरही आपणच मोजायचेत.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा हिरवी कासवं अंडी घालायला येतात. ती हिरवी दिसत नाहीत हं, हिरवी असते त्यांची आतली चरबी, आणि ती तुम्हाला दिसली तर समजा तुम्ही चुकीच्या टीममध्ये आहात.

इन्स्टासाठी घेतलेला पांढरा लिननचा शर्ट जरूर न्या. बॅगेतच राहील. गस्त रात्रीची, कपडे काळे, टॉर्च लाल आणि फोन चालणार नाही, कारण उजेड दिसला की मादी अंडी न घालताच माघारी फिरते. म्हणजे आयुष्यभर ज्याचे फोटो दाखवायचे तो क्षण मिट्ट काळोखात, धो धो पावसात, वाळूवरच्या माश्या चावत असताना येणार. मादी एकदा अंडी घालायला लागली की मग तिचं आजूबाजूला फारसं लक्ष नसतं, तेव्हा तुम्ही तिच्या मागे वाळूत पालथं पडून खड्ड्यात हात घालायचा आणि अंडी मोजायची, शंभराच्या वर असतात, सत्तराव्याला शिंक आली तर तो तुमचा प्रश्न.

आर्ची कार नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ १९५० च्या दशकात तिथे गेला आणि वर्षानुवर्षं कासवांना बिल्ले लावत राहिला, १९७५ साली तिथे नॅशनल पार्क झालं. तुमच्याकडे मात्र दोन आठवडे आहेत. अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे तुम्ही मोजलेल्या अंड्यांतली पिल्लं समुद्रात जातील तेव्हा तुम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘माय टर्टल जर्नी’ सांगत असाल. सांगा बिनधास्त. कासव काय खोडून काढायला येणार नाही.

फक्त घरच्या कार्यक्रमात जरा जपून. दापोलीची मावशी सगळं शांतपणे ऐकून घेईल, पिल्लं दिसली का रे विचारेल, तुम्ही सीझन, टेंपरेचर, प्रोटोकॉल वगैरे समजावत बसाल आणि ती म्हणेल, अरे आम्ही मार्चात वेळासला गेलो होतो ना, सकाळी सातला, दोरीच्या अलीकडे उभं राहून बघितली की, व्हिडिओ पाठवू का?