पन्नास सीसीचा मामा

गाडी चालवण्याच्या बाबतीत माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे. बावीस वर्षांचं लायसन्स, घोडबंदर रोडवरून रोजची जा-ये, आणि एवढ्या काळात गाडीवर उठलेला ओरखडा एकच. तोही सोसायटीच्या खांबाच्या चुकीने. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत ताई दहा वर्षांच्या भाचीला आणि भाचीच्या 'निन्टेंडो स्विच' नावाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला बारा दिवसांसाठी आमच्याकडे सोडून गेली, आणि भाचीने "मामा, रेस लावतोस?" असं विचारलं, तेव्हा मला तिची थोडी कीवच आली.

खेळाचं नाव 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'. पहिली शर्यत निघाली 'मू मू मेडोज' नावाच्या ट्रॅकवर. दोन्हीकडे हिरवीगार कुरणं आणि रस्त्यात गायी. बारा गाड्या सुटल्या. पहिल्याच वळणाला मी ब्रेक दाबला, इंडिकेटर शोधला, तो सापडेना म्हणून हात बाहेर काढावा की काय अशा विचारात होतो, तेवढ्यात गाय आडवी आली. मी थांबलो.

"मामा, थांबलास का?"

"गाय जातेय ना."

"अरे, गेममधली गाय आहे ती!"

"असेल. पण आडवी आलीय."

सोफ्याच्या टोकाला जपमाळ ओढत बसलेल्या आईने माळ न थांबवता मान डोलावली. घरात माझ्या बाजूने तेवढं एकच मत पडलं. मी बारावा आलो.

"हॉर्नचं बटण कुठलं?" हा माझा पुढचा प्रश्न. ठाण्यात गाडी चालवणाऱ्याला एक वेळ इंजिन नसलं तरी चालेल, हॉर्न हवा. भाची म्हणाली, हॉर्नला बटण नसतं, हॉर्न मिळावा लागतो. रस्त्यात प्रश्नचिन्हाचे चौकोनी डबे तरंगत असतात. ते फोडले की काही ना काही हाती लागतं: केळं, कासवाचं कवच, मशरूम, आणि नशिबात असेल तर हॉर्न. तो वाजवला की आजूबाजूच्या गाड्या उलथ्यापालथ्या होतात. अंगावर चालून येणारं निळं कवचसुद्धा हवेतल्या हवेत फुटतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून क्षणभर डोळे मिटले. हॉर्न वाजवल्यावर खरोखर रस्ता मोकळा होतो, असं जग कुणीतरी बनवून ठेवलंय आणि मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने वेग कमी करून दिला. या खेळात वेग सीसीत मोजतात. पन्नास, शंभर, दीडशे आणि सगळ्यात वर दोनशे. "तुला पन्नास लावते," ती म्हणाली. पन्नास सीसी म्हणजे लूना! चढ आला की आमचे बाबा लूनाला पेडल मारायचे आणि मी मागून उतरून चालायला लागायचो. बऱ्याचदा मी आधी पोचायचो. ही शर्यत त्याच परंपरेत झाली आणि मी दहावा आलो.

आता इथे खरं तर नाद सोडायला हवा होता. मी रात्री साडेअकराला एकटाच खेळत बसलो. कशासाठी, ते मला बायकोलाही सांगता आलं नाही. ऑफिसातून दीड तास गाडी चालवून, कंबर धरून घरी आलेला माणूस पुन्हा गाडीच चालवायला बसतो, याला काय म्हणणार?

याचं मूळ शोधायचं तर पंचाण्णवच्या सुमाराच्या जत्रेत जावं लागेल. तिथे मला बाबांनी तो करड्या रंगाचा, हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन दिला होता. खोक्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं. प्रत्यक्षात आत पाच-सहाच खेळ, बाकीचे तेच थोडे जोरात. त्यात एक गाडीचा. गाडी म्हणजे सात काळे चौकोन: वर एक, त्याखाली तीन, मग एक, आणि खाली दोन बाजूंना दोन. हात पसरून, पाय फाकवून उभ्या माणसासारखं ते चित्र. त्या माणसाला फक्त डावीकडे किंवा उजवीकडे सरकता यायचं, आणि वरून तसलीच माणसं घसरत यायची. रस्ता म्हणजे दोन्ही कडांना तुटक ठिपके. एवढ्यावर मी दहावीचं अर्धं वर्ष काढलं. अभ्यास करताना गादीखालून टीं टीं टीं ऐकू यायचं आणि बाबा गादीच उचलायचे.

त्या खेळातली गोम मला आत्ता कळली. तो माणूस पुढे कधी जातच नव्हता. तो तळाशी जागच्या जागी उभा. पळत होते ते कडेचे ठिपके. आजचे कोट्यवधी रंगांचे गेमही हेच करतात. नुसता मोकळा डांबरी रस्ता दाखवून कोपऱ्यात ३०० चा आकडा टाकला तर आपण बैलगाडीत बसल्यासारखे जांभया देऊ. पण कॅमेरा जमिनीलगत आणला, झाडं, खांब, कठडे रस्त्याच्या अगदी अंगाला आणून सपासप मागे पळवले, वेग वाढेल तसं चित्र कडांकडून जरा ताणलं आणि इंजिनाचा सूर चढवत नेला, की १०० लाही पोटात गोळा येतो. विश्वास बसत नसेल तर रिक्षात बसून बघा. एक्सप्रेसवेवर शिवनेरीत आपण घोरत असतो आणि ती रिक्षापेक्षा कितीतरी जोरात पळत असते. पण तीन हात नाक्याहून चाळिसाने निघालेल्या रिक्षात माणूस देवाचं नाव घेतो, कारण तो जमिनीजवळ असतो, दोन्ही बाजू उघड्या असतात आणि शेजारच्या बसचं चाक कानाशी फिरत असतं. ज्याने हे गेम पहिल्यांदा केले तो नक्की कधीतरी रिक्षाने गेला असणार.

ऑफिसात एक सहकारी आहेत, त्यांना हे सगळं पोरकट वाटतं. त्यांच्याकडे टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टीअरिंग आणि पायाशी तीन पेडल आहेत. ते 'ग्रान टुरिझ्मो' खेळतात. हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची नावाच्या गृहस्थांनी पाच वर्षं खपून तो केला होता. त्याचं वैशिष्ट्य असं की मोठ्या शर्यती आधी मिळतच नाहीत, आधी लायसन्स काढावं लागतं. अमुक सेकंदांत गाडी पळवायची आणि आखलेल्या चौकटीतच उभी करायची. सहकाऱ्यांनी एकदा घरी बोलावून मला तिथे बसवलं. मी चौदा वेळा चौकटीबाहेर गेलो. मग वहिनींनी पोहे आणले आणि विषय बदलला.

तरी एक मी त्यांच्याकडून शिकलो. शर्यत वळणावर असते. सरळ रस्त्यावर नुसतं बटण दाबून ठेवायचं, त्यात काय मोठंसं? वळण मात्र बाहेरच्या कडेने धरायचं, आतल्या कडेला घासून जायचं आणि पुन्हा बाहेर निघायचं. वेग आधी मारायचा, मग वळायचं, आणि निघताना सोडायची गाडी! भाचीच्या खेळात तर वळण्याचा मोबदला मिळतो. एक बटण धरून गाडी आडवी घसरत नेली की चाकांतून ठिणग्या निघतात. आधी निळ्या, मग नारिंगी, आणि खूप वेळ तग धरला तर गुलाबी. बटण सोडलं की ज्या रंगाच्या ठिणग्या, त्या मानाने धक्का मिळून गाडी सुसाट सुटते. म्हणजे प्रत्येक वळणाला जीव खालीवर, आताच सोडू की अजून थोडं ताणू? मला निळ्या जमल्या. चौथ्या दिवशी नारिंगी जमल्या. गुलाबी काही येईनात.

"येतील, येतील," भाची म्हणाली. स्क्रीनकडेच बघत.

या वळणांत मी अख्खा वळत होतो हे मला चिवड्याने दाखवून दिलं. गाडी डावीकडे घ्यायची तर अंगठा पुरतो. पण माझा खांदा जायचा, मान जायची, उजवा पाय ब्रेक म्हणून सतरंजी दाबायचा. एका लांबलचक डाव्या वळणावर मी इतका कललो की मांडीवरचा स्टीलचा डबा उपडा होऊन पातळ पोह्यांचा चिवडा सोफ्याच्या फटीत गेला. त्याहून वाईट म्हणजे माझ्या डावीकडे बसलेली आईही माळेसकट तेवढीच कललेली होती. तिच्या हातात कंट्रोलर नव्हता. बायको दारात उभी राहून म्हणाली, "गाडीत माझ्या बाजूच्या खड्ड्यासाठी कधी एवढा कलला नाहीस." मी ऐकलं नाही असं दाखवलं. शर्यत चालू होती.

आणि पडण्याची मजा वेगळीच. कॉलेजात असताना सायबर कॅफेत आम्ही 'रोड रॅश' खेळायचो. ती मोटरसायकलींची शर्यत. पण तिथे शर्यतीत कुणाला रस होता? शेजारच्याला साखळीने हाणायला आम्ही तासाचे पैसे मोजायचो. त्यातलं माझं आवडतं दृश्य म्हणजे गाडीवरून उडालेला स्वार. शंभर फूट कोलांट्या खात जायचा, उठायचा आणि दुडुदुडु पळत आपल्या गाडीकडे यायचा. खरचटलेलं नाही, पंचनामा नाही, इन्शुरन्सवाल्याचा फोन नाही. मारिओ कार्टात तर ट्रॅकवरून खाली पडलात की ढगात बसलेलं एक चष्मेवालं कासव गळ टाकून तुम्हाला उचलतं आणि अलगद रस्त्यावर ठेवतं. पहिल्या दोन दिवसांत त्या कासवाने मला इतक्यांदा उचललं की आईने त्याला नमस्कार केला.

तरीही हरणारा माणूस कंटाळतो. त्याची सोय या लोकांनी ज्या रीतीने केलीय, ती बघून मला माझ्या आजीची पंगत आठवली. हडकुळ्या नातवाच्या भातावर तुपाची धार, आणि गुबगुबीत नातवाला "तुला पुरे." इथे जो पहिला, त्याच्या डब्यातून बहुतेक नाणं निघतं, फार तर केळं. जो मागे, त्याला रॉकेट मिळतं, त्यात बसून नुसतं बघत राहायचं, गाडी आपोआप सहा जणांना ओलांडते. वर ते निळं कवच. ते मागच्यांपैकी कुणीतरी सोडायचं, आणि ते वाटेत आडवं येणाऱ्याला उडवत थेट पहिल्या नंबराच्या डोक्यावर जाऊन फुटतं. इतर बऱ्याच रेसिंग गेममध्ये हे काम लपून चालतं. तुम्ही मागे पडलात की पुढच्या गाड्या गुपचूप वेग कमी करतात, तुम्ही पुढे गेलात की त्यांच्या अंगात येतं, जणू सगळ्यांना एकाच रबराने बांधलंय. शेवटपर्यंत आपल्याला वाटत राहतं, थोडक्यात हुकलं! आणि 'थोडक्यात हुकलं' असं वाटणाऱ्या माणसाला रात्री साडेअकराला कुणीही उठवू शकत नाही.

तरी बरं, मला हे असलं लाडावून ठेवणं नवीन नव्हतं. २००३ साली मी ड्रायव्हिंग शिकलो तेव्हा पहिल्या आठवड्यात सरांनी माझ्या ब्रेकिंगची तारीफ केली होती. बायकोला (तेव्हा होणाऱ्या) मी ते सांगितलंही होतं. सरांच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, आणि गेले सहा दिवस गाडी तोच थांबवत होता, हे मला सातव्या दिवशी कळलं. तेही त्यांची चप्पल सुटली म्हणून.

असो. दहाव्या दिवशी तो क्षण आला. पन्नास सीसी, पुन्हा तेच गायरान. गेले काही दिवस मी खाली पडायचाच बंद झालो होतो. वळणावर कडेला गेलो तरी गाडी आपसूक सावरायची. हात बसला म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हटलं. गायी चुकवल्या. नारिंगी ठिणग्या काढल्या. शेवटच्या फेरीत हॉर्न मिळाला, तो काही कारण नसताना वाजवला. आणि बारापैकी चौथा आलो! मी उभा राहिलो. ताईला फोन लावला. "चौथा?" ती म्हणाली, "आणि पोरगी?" मी म्हटलं, तो प्रश्न नाहीये.

स्क्रीनवर शर्यतीची झलक पुन्हा चालू होती. माझी गाडी मागून दिसत होती. आई माळ थांबवून पुढे वाकली.

"अरे, तुझ्या गाडीला मागे ती काडी कसली रे? हिच्या गाडीला नाहीये."

गाडीच्या पाठीमागे खरंच एक बारीक अँटेना उभी होती. टोकाला दिवा लुकलुकत होता. मी भाचीकडे बघितलं. ती सोफ्याच्या फटीतून चिवडा वेचण्यात एकाएकी गढून गेली होती.

"तिसऱ्या दिवशी लावली," ती पुटपुटली. "त्याने गाडी रस्त्याबाहेर जात नाही. म्हणजे तू चालवतोसच, पण... ती पण चालवते." मग शेंगदाणा तोंडात टाकून म्हणाली, "त्याच्यामुळेच गुलाबी येत नाहीत. काढू का मामा?"

मी ताईचा फोन बंद केला. आईने पुन्हा माळ सुरू केली.

"राहू दे," मी म्हटलं. "शंभर सीसी लाव."